एका नोटेतून छापखान्यात

नाशिकरोडला नुसते ‘प्रेस’ म्हटले तरी पुरते. कोणती प्रेस, असे तिथे कुणी विचारत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ‘प्रेसमध्ये कामाला’ असलेली घरे, जेल रोडलगतचा तो बंदिस्त परिसर आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा हे सारे गावाच्या रोजच्या ओळखीचे आहे. मात्र भिंतीपलीकडे नोट कशी घडते ते पाहण्याची मुभा सामान्य माणसाला नाही, आणि ती नसणे योग्यच आहे. सरकारी कागदपत्रांत या छापखान्याचे नाव ‘चलार्थ पत्र मुद्रणालय’ असे आहे. त्याचे जुळे भावंड असलेल्या ‘भारत प्रतिभूती मुद्रणालया’त टपाल तिकिटे, मुद्रांक आणि पारपत्रे छापली जातात.

अमेरिकेत टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे डॉलर छापणाऱ्या सरकारी छापखान्यात लोकांसाठी काचेआडची उंच मार्गिका बांधलेली आहे आणि तिथून खाली चाललेली छपाई पाहता येते. आपल्याकडे तशी सोय नाही. तरीही नोटांच्या छापखान्याचा फेरफटका मारण्याचा एक रस्ता आपल्या खिशातच आहे, कारण कागदाच्या गिरणीपासून कापणीच्या यंत्रापर्यंत प्रत्येक टप्पा नोटेवर आपली निश्चित आणि ओळखू येणारी खूण सोडतो. पाचशे रुपयांची एखादी बऱ्यापैकी नवी नोट, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि खिडकीतला चांगला उजेड एवढी सामग्री असली, की या खुणा क्रमाने वाचता येतात. हातातली नोट नाशिकरोडलाच छापलेली असेल असे नाही. भारतात नोटा नाशिकरोड, मध्य प्रदेशातील देवास, कर्नाटकातील म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधील सालबोनी अशा चार ठिकाणी छापल्या जातात. चारही ठिकाणी प्रक्रिया तीच आणि कसोट्याही त्याच असल्यामुळे आपल्या कामात त्याने फरक पडत नाही.

आत शिरण्यापूर्वी इतिहासाकडे थोडे पाहिले पाहिजे. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारकडे गेला, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या भारताच्या नोटा इंग्लंडमध्येच तयार होत असत. लॅव्हरस्टोक येथील गिरणीत हाताने घडवलेल्या कागदावर त्या एकाच बाजूने छापलेल्या असत. नाशिकरोडला नोटांची छपाई १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९३२ पर्यंत भारताच्या सर्व मूल्यांच्या नोटा इथेच छापल्या जाऊ लागल्या. रिझर्व्ह बँकेची स्थापना १९३५ मधली आणि तिने काढलेली पहिली नोट १९३८ मधली, म्हणजे छापखाना बँकेपेक्षा वयाने मोठा आहे. फाळणीनंतर काही महिने रिझर्व्ह बँकच पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती आणि त्या काळात पाकिस्तानात चाललेल्या नोटा म्हणजे भारतीय नोटांवरच ‘पाकिस्तान सरकार’ अशा अर्थाची जादा अक्षरे उमटवलेले कागद होते. मुंबईत फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात भारतीय चलनाचा हा सारा प्रवास मांडलेला आहे आणि नोटांविषयी कुतूहल असणाऱ्याने तिथे अवश्य जावे.

आता हातातली नोट. तिची पहिली खूण बोटांना आणि कानांना कळते. कोऱ्या नोटेला आपण ‘करकरीत’ म्हणतो, ते तिच्या आवाजावरून. वहीचा किंवा वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यापासून होतो, तर भारतीय नोटेचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो. वनस्पतीच्या पेशीभित्तिकांतील सेल्युलोज हाच दोन्ही कागदांचा आधार आहे. परंतु लाकडात सेल्युलोजला लिग्निनची जोड असते आणि लाकडाचे तंतू आखूड असतात, उलट कापसाचा तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा, लांब आणि चिवट असतो. हे लांब तंतू लगद्यात कुटून त्यांची टोके फुलवली, की कागद होताना ते एकमेकांत घट्ट गुंततात आणि तंतूंमधील हायड्रोजन बंध त्या गुंत्याला पक्केपणा देतात. त्यावर खळ चढवली, की पृष्ठभाग कडक होतो, घाम आणि तेल चटकन शोषले जात नाही आणि घडी घालताना तो ओळखीचा आवाज येतो. अमेरिकी डॉलरच्या कागदात ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के जवसाच्या झाडाचे तंतू असतात, आणि अशी नोट फाटण्याआधी तिची सुमारे चार हजार वेळा पुढेमागे घडी घालावी लागते, असे तिथला छापखाना सांगतो.

कागदावर चढवलेली खळ पिठाची नसते, आणि ही गोष्ट रसायनशास्त्राच्या दृष्टीने फार कामाची आहे. लिहिण्याच्या आणि छपाईच्या नेहमीच्या कागदात सहसा स्टार्च असतो. घरातल्या औषधाच्या डब्यातले आयोडीनचे द्रावण वहीच्या कागदावर एक थेंब टाकले, तर तिथे काळपट निळा डाग उमटतो, कारण स्टार्चच्या रेणूची सर्पिल गुंडाळी आयोडीनला आपल्या पोकळीत धरते आणि त्या जोडीला गडद रंग येतो. नोटेच्या खळीत स्टार्च नसल्यामुळे तसा डाग पडत नाही. परदेशातील दुकानांत खोटी नोट ओळखण्यासाठी वापरले जाणारे पेन याच तत्त्वावर चालते. हा प्रयोग वहीच्या पानावर जरूर करावा. नोटेवर मात्र थेंब टाकू नये, कारण नोट खराब न करणे ही आपलीच जबाबदारी आहे.

अतिनील प्रकाश देणारी छोटी विजेरी असेल, तर अंधाऱ्या खोलीत आणखी एक फरक दिसतो. बाजारातला पांढराशुभ्र कागद त्या प्रकाशात निळसर उजळतो, कारण तो अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात प्रकाश-उजाळक रसायने घातलेली असतात आणि ती न दिसणारे अतिनील किरण शोषून दिसणारा निळा प्रकाश बाहेर टाकतात. नोटेचा कागद मुद्दाम या रसायनांविना बनवतात. त्यामुळे तो काळवंडलेलाच राहतो आणि क्रमांकाची खास शाई व कागदात विखुरलेले बारीक तंतू तेवढे चमकतात. यात एक गंमतीची अडचण आहे. कपडे धुण्याच्या पावडरीतही हीच उजाळक रसायने असतात, म्हणून पँटच्या खिशात राहून धुलाई यंत्रातून गेलेली अस्सल नोट अतिनील प्रकाशात खोट्या कागदासारखी उजळू शकते. एकाच कसोटीवर निकाल देऊ नये, हे इथे पुरेपूर लागू पडते.

नोट उजेडासमोर धरली, की रिकाम्या भासणाऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० हा आकडा दिसतो. हे जलचिन्ह छपाईचा भाग नाही. कागद जन्माला येतानाच ते त्याच्या अंगात असते. कागदगिरणीत पाण्यात अगदी विरळ कालवलेल्या लगद्याच्या हौदात तारेच्या जाळीने मढवलेला एक मोठा पिंप फिरत असतो. पाणी जाळीतून आत निघून जाते आणि तंतू जाळीवर साचतात. जाळीवर चेहऱ्याचा उठाव आधीच दाबून घडवलेला असतो. त्यातील खोलगट भागांत तंतू अधिक जमतात आणि उंचवट्यांवर कमी. कागद वाळल्यावर जिथे तंतू दाट तिथून प्रकाश कमी येतो आणि जिथे विरळ तिथून जास्त; म्हणूनच गालावरच्या छायेपासून कपाळावरच्या उजेडापर्यंत सगळ्या छटा हळूहळू बदलत जातात. ५०० हा आकडा मात्र एकसारखा आणि ठळक उजळ दिसतो, कारण तिथे जाळीवर धातूचा बारीक पत्रा बसवलेला असतो आणि त्याच्यावर पाणी न निथळल्याने तंतू फारसे थांबतच नाहीत. खोट्या नोटेवरचे ‘जलचिन्ह’ बहुधा फिकट शाईने छापलेले असते. ते नोट टेबलावर सपाट ठेवूनही दिसते आणि त्याच्या छटा अशा विरघळत जात नाहीत.

ज्याला लोक ‘नोटेतली तार’ म्हणतात, तो सुरक्षा धागाही याच हौदात कागदात शिरतो. जाळीवर ठरावीक अंतराने उंचवटे ठेवून धागा त्यांना टेकवत सोडला, की उंचवट्याच्या जागी धाग्याच्या वर तंतू साचत नाहीत आणि तेवढा धागा उघडा राहतो. मधल्या जागी तो कागदात गाडला जातो. म्हणून पाचशेच्या नोटेवर सपाट पाहताना धागा तुटक भासतो, आणि उजेडासमोर धरताच त्याची सलग रेघ होते. मागाहून चिकटवलेल्या चमकदार पट्टीला हे साधत नाही.

हा कागद भारतात बनवायला बराच काळ जावा लागला. होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम येथील प्रतिभूती कागद कारखाना १९६८ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत नाशिकरोडची यंत्रे परदेशी कागदावरच अवलंबून होती, आणि त्यानंतरही मागणीचा मोठा हिस्सा आयातीनेच भागत असे. म्हैसूर येथील नोटकागदाच्या गिरणीतून २०१५ मध्ये उत्पादन सुरू झाले, तेव्हा हे परावलंबन खऱ्या अर्थाने कमी होऊ लागले. ज्या देशात विदर्भ आणि खानदेशासारखा कापूस पिकवणारा मुलूख आहे, त्या देशाला आपल्याच चलनाचा कापसाचा कागद इतकी वर्षे बाहेरून आणावा लागला, याचा विचार करताना मला नेहमी वाटते, की अडचण कच्च्या मालाची कधीच नव्हती. जलचिन्हाची जाळी आणि धागा रोवण्याचे तंत्र जगात मोजक्याच गिरण्यांच्या हाती होते, आणि गुप्ततेमुळे ते सहजासहजी मिळण्यासारखे नव्हते.

कागदाचे मोठे ताव छापखान्यात आले, की त्यांना लगेच यंत्रावर चढवता येत नाही. सेल्युलोज हवेतली आर्द्रता शोषून फुगते आणि हवा कोरडी झाली, की आकसते. तावाच्या लांबी-रुंदीत यामुळे पडणारा फरक साध्या पुस्तकाच्या छपाईत खपून जातो, पण नोटेत खपत नाही, कारण एकच ताव अनेक यंत्रांतून जातो आणि प्रत्येक वेळी नवी रेषा जुन्या रेषेच्या शेजारी नेमकी बसावी लागते. त्यासाठी तावांना आतल्या नियंत्रित तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या हवेत मुरू द्यावे लागते.

पहिली छपाई ऑफसेट पद्धतीची. नोटेच्या पार्श्वभूमीवरच्या, एकमेकांत गुंफत जाणाऱ्या फिकट रंगीत रेषा या टप्प्याच्या आहेत. भिंगातून पाहिल्यास तिथे शाई कागदावर सपाट बसलेली दिसते आणि प्रत्येक रेषा अखंड असते. मासिकातले चित्र किंवा घरच्या प्रिंटरने काढलेली रंगीत प्रत त्याच भिंगाखाली धरावी. तिथे रेषा नसतातच, असतात ते वेगवेगळ्या रंगांचे असंख्य ठिपके, ज्यांना आपला डोळा दुरून एक रंग समजतो. नोटेवर प्रत्येक रंग स्वतंत्र शाई म्हणून येतो. ‘भारत’ आणि ‘INDIA’ ही अतिसूक्ष्म अक्षरे नोटेवर शोधताना डोळ्यांचा कस लागतो, पण भिंगाखाली ती सुटी आणि वाचता येण्याजोगी दिसतात. झेरॉक्समध्ये त्यांचा नुसता राखाडी पट्टा होतो.

या यंत्राचे वैशिष्ट्य असे, की ते तावाच्या दोन्ही बाजू एकाच क्षणी छापते. प्लेटवरची शाई आधी रबराने मढवलेल्या रुळावर उतरते. असे दोन रूळ एकमेकांवर दाबलेले असतात आणि त्यांच्या मधून ताव जातो. पुढची बाजू छापून, ताव उलटून, मग मागची बाजू छापायची म्हटले, तर दोन्ही बाजूंत थोडा तरी सरक पडणारच. एकाच क्षणी दोन्ही बाजू छापल्या, तर तो पडत नाही. त्याची साक्ष नोटेच्या पुढच्या बाजूला डावीकडे आहे. तिथे ५०० या आकड्याचे काही तुकडे पुढे आणि उरलेले तुकडे मागे छापलेले असतात. नुसते पाहिले तर दोन्हीकडे अर्थहीन आकार दिसतात, आणि नोट उजेडासमोर धरली, की तुकडे एकमेकांत बसून पुरा आकडा होतो.

यानंतरचा टप्पा हा नोटेचा प्राण आहे. त्याला इंटॅग्लिओ म्हणतात. पुस्तकाच्या जुन्या खिळ्यांच्या छपाईत उठावाच्या भागाला शाई लागते. इथे नेमके उलटे असते. निकेलच्या आणि वरून क्रोमियमचा कठीण मुलामा दिलेल्या प्लेटमध्ये रेषा कोरलेल्या असतात, दाट आणि चिकट शाई त्या चरांत भरली जाते, आणि प्लेटच्या सपाट पृष्ठभागावर राहिलेली शाई उलट दिशेने फिरणारा रूळ पुसून काढतो. मग ताव प्रचंड दाबाखाली प्लेटवर येतो. दाब एवढा असतो, की कागद स्वतः त्या चरांत शिरतो, तळाशी असलेली शाई उचलतो आणि तिच्यासह बाहेर येतो. याचा अर्थ असा, की इथे नुसती शाई उंच बसलेली नसते, तर कागदही तिच्याखाली उंचावलेला असतो.

करकरीत नोट खिडकीजवळ जवळजवळ आडवी धरून उजेड एका बाजूने येऊ द्यावा आणि भिंग गांधीजींच्या चित्रावर न्यावे. चष्म्याच्या काडीजवळच्या गडद रेषांना दोन्ही बाजूंनी उतार असतो आणि उजेडाच्या उलट बाजूला त्यांची बारीकशी सावली पडते. गालाकडे येताना त्याच रेषा अरुंद होत जातात, मग तुटतात आणि शेवटी सुट्या टिंबांवर येतात. चित्रातल्या काळ्यापांढऱ्याच्या सगळ्या छटा याच एका युक्तीने साधलेल्या असतात: चर जेवढा खोल आणि रुंद, तेवढी शाई अधिक, तेवढा रंग गडद. पूर्वी हे काम कोरीव कारागीर पोलादाच्या प्लेटवर हाताने करीत असत आणि एक चेहरा कोरायला कित्येक महिने लागत; आता संगणक आणि लेझर मदतीला असले, तरी कोणती रेषा गालाच्या गोलाईबरोबर वळवायची आणि कुठे थांबवायची, हा निर्णय आजही चित्रकाराचाच असतो. चेहरा निवडण्यामागेही कारण आहे. माणसाचा डोळा चेहऱ्यातला किंचितसा बदल चटकन पकडतो; एखाद्या वेलबुट्टीतील चूक सुटेल, पण ओळखीच्या चेहऱ्याचा भाव बिघडला, तर पाहणाऱ्याला कारण न सांगता येताही काहीतरी खटकते.

इंटॅग्लिओच्या उंचीचा आणखी एक कुशल उपयोग चित्राच्या डावीकडे केलेला आहे. तिथल्या एका पट्टीत समोरून पाहताना काही दिसत नाही. मात्र नोट डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून पाहिली, की त्यात ५०० हा आकडा उभा राहतो. त्या पट्टीत आकड्याच्या भागातले उंचवटे एका दिशेने आणि भोवतालचे दुसऱ्या दिशेने आखलेले असतात. समोरून दोन्हीकडे शाई आणि कागद यांचे प्रमाण सारखेच असल्याने भेद कळत नाही. तिरप्या नजरेला मात्र एका दिशेचे उंचवटे आपल्यामधला कोरा कागद झाकून टाकतात आणि दुसऱ्या दिशेचे झाकत नाहीत, त्यामुळे एक भाग गडद आणि दुसरा उजळ होतो. झेरॉक्सच्या सपाट शाईला उंचीच नाही, म्हणून तिच्यात हा आकडा लपतही नाही आणि प्रकटही होत नाही.

हीच उंची दृष्टिहीन माणसासाठी नोटेची भाषा आहे. पाचशेच्या नोटेवर दोन्ही कडांना पाच तिरप्या उठावाच्या रेषा आणि उजवीकडे उठावाचे वर्तुळ आहे; दोनशेच्या नोटेवर चार रेषा आणि त्यांच्या मध्ये दोन वर्तुळे आहेत, तर शंभराच्या नोटेवर चार रेषा आणि त्रिकोण आहे. कल्पना चांगली आहे. परंतु हाताळून हाताळून शाई झिजते, कागद मऊ पडतो आणि भाजीबाजारात पोचलेल्या नोटेवरच्या या रेषा बोटांना सापडेनाशा होतात. तेव्हा उरतो तो आकार. आधीच्या मालिकेत सगळ्या मोठ्या नोटांची रुंदी ७३ मिलिमीटर होती आणि शंभराची नोट १५७, पाचशेची १६७ मिलिमीटर लांब होती, म्हणजे दोहोंत दहा मिलिमीटरचा फरक होता. नव्या मालिकेत रुंदी ६६ मिलिमीटर आणि लांबी शंभराला १४२, दोनशेला १४६ व पाचशेला १५० मिलिमीटर आहे. लागोपाठच्या दोन नोटांत चारच मिलिमीटरचा फरक बोटांनी ओळखणे किती अवघड आहे, हे डोळे मिटून स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही. राष्ट्रीय अंध संघाने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला होता. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये मोबाइलच्या कॅमेऱ्याने नोट ओळखून मूल्य बोलून दाखवणारे ‘मनी’ नावाचे अ‍ॅप आणले. ते उपयोगी आहे, पण गर्दीच्या बसमध्ये कंडक्टरने हातावर ठेवलेली नोट तपासायला मोबाइल काढावा लागणे म्हणजे बोटांनी ओळखता येणे नव्हे. पुढची मालिका आखताना लांबीतला फरक वाढवला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

आता पुढच्या बाजूला उजवीकडे खाली असलेला ₹५०० हा इंग्रजी अंकांतला आकडा पाहावा. तो समोरून हिरवा दिसतो आणि नोट तिरपी केली, की निळा होतो; धाग्याचेही तेच. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या डिझेलच्या तवंगावर जे रंग फिरतात, त्यांच्यामागचाच नियम इथे काबूत आणलेला आहे. या शाईतला कण म्हणजे एकावर एक बसवलेल्या अतिशय पातळ थरांची चकती असते: आत प्रकाश परतवणारा धातू, त्यावर पारदर्शक पदार्थाचा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थर आणि सर्वांत वर अर्धपारदर्शक धातू. प्रकाशाचा काही भाग वरच्या थरावरूनच परततो, काही आतल्या धातूपर्यंत जाऊन परततो, आणि दोन्ही लहरी पुन्हा एकत्र येताना ज्या रंगाची लहर जुळते तो रंग उजळतो, बाकीचे मंदावतात. पारदर्शक थराची जाडी अशी ठरवलेली असते, की समोरून पाहताना हिरवा जुळावा.

नोट तिरपी केल्यावर काय होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. किरण तिरपा गेला, तर थरातून त्याला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन लहरींमधला फरक वाढेल आणि रंग तांबड्याकडे सरकेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात आतला किरण बाहेर येईपर्यंत वरून परतलेला किरणही हवेत पुढे गेलेला असतो, आणि तिरपेपणा वाढतो तसे त्याचे हे अंतर आतल्या किरणाच्या वाढीव अंतरापेक्षा अधिक वेगाने वाढते. त्यामुळे दोहोंतला निव्वळ फरक कमी होतो, अधिक आखूड लहर जुळू लागते आणि हिरव्याच्या जागी निळा येतो. म्हणजेच हा बदल हिरव्याकडून निळ्याकडेच होईल, तांबड्याकडे होणार नाही. कुठल्याही छपाई यंत्राच्या चार शायांना हे जमत नाही, कारण त्या शाया रंग शोषून दिसतात आणि त्यांचा रंग पाहण्याच्या कोनावर अवलंबून नसतो. म्हैसूर येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘वर्णिका’ या कारखान्यात नोटांसाठीची रंग बदलणारी शाई तयार होते. देवासच्या मुद्रणालयाला तर शाईचा कारखाना आधीपासूनच जोडलेला आहे.

इंटॅग्लिओची शाई वर्तमानपत्राच्या शाईसारखी कागदात शोषली जाऊन वाळत नाही. तिच्यातील तेले हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू कठीण जाळे बनवतात, आणि जाड थरात ही क्रिया सावकाश होते. म्हणून छापलेले ताव बाजूला ठेवून द्यावे लागतात. अमेरिकेत ही मुदत ७२ तासांची आहे. दिसायला निवांत असलेला हा टप्पा घाईने उरकला, तर एका तावाची ओली शाई वरच्या तावाच्या पाठीला लागते आणि सगळा ढीग वाया जातो.

तावांची तपासणी कॅमेरे आणि माणसे दोघेही करतात, आणि प्रत्येक टप्प्यावर ताव मोजून घेतले व मोजून पुढे दिले जातात. खराब तावसुद्धा हिशेबात असतो. त्यानंतर क्रमांक पडतात. पुढच्या बाजूला वर डावीकडे आणि खाली उजवीकडे असलेल्या क्रमांकाचे अंक डावीकडून उजवीकडे आकाराने वाढत जातात, हे पुष्कळांच्या लक्षात आलेले नसते. क्रमांक घालण्याची रीत हुशारीची आहे. एका तावावर शेजारी-शेजारी असलेल्या नोटांना लागोपाठचे क्रमांक दिले, तर कापल्यावर गड्डी क्रमाने लावण्याचे मोठे काम उभे राहील. म्हणून तावावरच्या एका ठरावीक जागेला पहिल्या तावावर एक क्रमांक, दुसऱ्या तावावर त्याच जागेला पुढचा क्रमांक, अशी मांडणी करतात. शंभर ताव एकावर एक रचून कापले, की प्रत्येक जागेवर शंभर नोटांची क्रमाने लागलेली गड्डी आयतीच मिळते. एटीएममधून लागोपाठच्या क्रमांकांच्या दोन कोऱ्या नोटा मिळाल्या, तर त्या कधीही एकमेकींच्या शेजारी छापल्या गेलेल्या नव्हत्या. दोन वेगवेगळ्या तावांवर एकाच जागी त्या होत्या.

क्रमांक पडल्यानंतर एखादी नोट सदोष निघाली, तर तिच्या जागी नेमक्या त्याच क्रमांकाची दुसरी नोट छापणे फार कष्टाचे होते. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने यावर सोपा उपाय केला: सुरुवातीचा अंक-अक्षरांचा गट आणि पुढचा क्रमांक यांच्यामध्ये तारा असलेल्या नोटांची वेगळी मालिका छापून ठेवायची आणि सदोष नोटेच्या जागी गड्डीत त्यातली एक घालायची. आधी लहान मूल्यांच्या नोटांपुरती असलेली ही पद्धत २०१६ मध्ये पाचशेच्या नव्या नोटेलाही लागू झाली. तारा दिसला म्हणून नोट खोटी समजून दुकानदाराने परत केल्याचे प्रकार घडतात. ती नोट इतर नोटांइतकीच वैध असते.

मागची बाजू उलटून पाहिली, तर लाल किल्ल्याच्या चित्राजवळ पंधरा भाषांची चौकट आहे. त्यांचा क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावलेला असल्यामुळे असमिया सर्वांत वर आणि उर्दू सर्वांत खाली येते. वरून सहावी ओळ कोकणीची आणि आठवी मराठीची. वीस रुपयांच्या नोटेच्या मागे वेरूळची लेणी आहेत, तीही भिंगाखाली पाहावीत. दगडातल्या खांबांची खोली निव्वळ रेषांच्या दाटीविरळीने कशी दाखवली आहे, ते तिथे चांगले समजते.

कापून, गड्ड्या बांधून आणि पेट्यांत भरून नोटा छापखान्याबाहेर पडतात, त्या वेळीही कायद्याच्या दृष्टीने त्या अजून चलन झालेल्या नसतात. छापखान्याच्या लेखी तो रिझर्व्ह बँकेला पुरवलेला माल असतो आणि बँक त्याचे पैसे मोजते. २०२३-२४ या वर्षात बँकेचा नोटा छापून घेण्याचा खर्च सुमारे ५,१०१ कोटी रुपये होता. बँकेच्या निर्गम विभागाने नोट व्यवहारात आणली, की मगच तिच्यावरची रक्कम बँकेचे देणे ठरते आणि ‘मैं धारक को’ अशी सुरुवात असलेल्या, गव्हर्नरांच्या सहीच्या वचनाला अर्थ येतो. याला अपवाद एक रुपयाच्या नोटेचा. ती रिझर्व्ह बँक काढत नाही, भारत सरकार काढते. म्हणून तिच्यावर हे वचन नसते आणि सही वित्त सचिवांची असते.